इशारा जिल्ह्याला, प्रवासी रस्त्यावर

पुण्याहून पहाटे मोटारसायकलने निघायचे आणि कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असे करत संध्याकाळपर्यंत गोव्यात उतरायचे, हा पावसाळ्यातील तरुणांचा आता ठरून गेलेला बेत आहे. सुमारे साडेचारशे किलोमीटरच्या या प्रवासात स्वार पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे चार जिल्हे ओलांडतो, कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचा कोपरा कापतो, पुन्हा कोल्हापूर जिल्ह्यात येतो, आंबोलीच्या घाटातून सिंधुदुर्गात उतरतो आणि मग गोव्याच्या हद्दीत शिरतो. हवामान खात्याच्या नकाशावर पाहिले, तर मध्य महाराष्ट्र, उत्तर अंतर्गत कर्नाटक आणि कोकण-गोवा असे तीन उपविभाग त्याने एका दिवसात पार केलेले असतात. निघण्यापूर्वी त्याने पाहिलेला इशारा मात्र बहुधा एकाच जिल्ह्याचा असतो. तोही ज्या जिल्ह्यातून तो दीड-दोन तासांत बाहेर पडणार असतो, त्या पुण्याचा.

दर पावसाळ्यात घाटात, पुलावर किंवा धबधब्याच्या वाटेवर दुर्घटना घडली, की तरुणांच्या बेफिकिरीवर टीका होते. ती सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु लांबच्या प्रवासाला निघालेला प्रत्येक मोटारसायकलस्वार बेफिकीर नसतो. अनेक जण मोबाइलवर हवामान पाहून, रेनकोट घेऊन, गाडीची सर्व्हिसिंग करून निघतात आणि तरीही भलत्या वेळी भलत्या ठिकाणी सापडतात. याचे कारण त्यांच्या स्वभावापेक्षा इशाऱ्यांच्या रचनेत अधिक आहे. आपल्याकडील इशारे एका जागी राहणाऱ्या माणसासाठी तयार होतात. शेतकरी, मच्छीमार, दरडीखालच्या वस्तीतील रहिवासी, शाळांना सुटी द्यायची की नाही हे ठरवणारा जिल्हाधिकारी हे त्यांचे वाचक आहेत. ताशी साठ किलोमीटर वेगाने जागा बदलणारा माणूस त्या यादीत नाही.

इशारे सुधारले, पण कुणासाठी?

हवामान खात्याचे काम गेल्या काही वर्षांत सुधारले आहे, हे आधी मान्य करावयास हवे. '२६ जुलै' हा शब्दच आपल्याकडे आपत्तीचा समानार्थी झाला, तो २००५ मध्ये. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याची पूर्वकल्पना कुणालाही नव्हती. आज हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल अशा चार रंगांत जिल्हानिहाय इशारे चार-पाच दिवस आधी मिळतात. त्याशिवाय पुढील तीन तासांसाठीचा तातडीचा अंदाज निघतो. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी स्वतंत्र इशारा देण्याची पद्धतही रुळली आहे. ही सुधारणा महत्त्वाची आहे, कारण एकाच पुणे जिल्ह्यात ताम्हिणीला कोसळणारा पाऊस आणि बारामतीत रिमझिमणारा पाऊस एका रंगात दाखवणे हास्यास्पद होते.

तथापि या रंगांचा अर्थ काय, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. घरात बसलेल्याला हा हिशेब पुरेसा आहे. घाट चढणाऱ्याला मात्र शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर झिरपत पडणार की दुपारी दोन तासांत कोसळणार, हे कळणे अधिक निकडीचे असते. आणि पिवळा रंग पाहून 'काही विशेष नाही' म्हणत निघणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, की रंग हा संपूर्ण जिल्ह्याचा असतो, रस्त्याच्या एखाद्या वळणाचा नसतो.

सह्याद्रीत ही विषमता किती टोकाची आहे, याचे उदाहरण महाबळेश्वर आणि पाचगणीचे. दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात, मध्ये अंतर अवघे १९ किलोमीटर. परंतु पाचगणीचा वार्षिक पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर्वेकडील माण-खटावमध्ये वर्षभरातही एवढा पडेलच याची खात्री देता येत नाही. गोव्याला निघालेल्या स्वाराच्या वाटेवरही तेच आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो, आंबोलीत सात हजारांच्या आसपास. कोल्हापुरात मिसळ खाताना डोक्यावर ऊन असते आणि चार तासांत समोरचा ट्रक दिसेनासा होतो.

पाऊस इथे, पाणी तिथे

याहूनही फसवी गोष्ट म्हणजे रस्त्यावरचा धोका पुष्कळदा पाऊस पडतो तिथे नसतोच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत महापूर आला, तेव्हा पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूरलगत शिरोली येथे पंचगंगेच्या पाण्याखाली गेला आणि सुमारे आठवडाभर बंद राहिला. हजारो वाहने दोन्ही बाजूंना अडकून पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. शिरोलीला आलेले पाणी शिरोलीत पडलेल्या पावसाचे नव्हते. ते राधानगरी, गगनबावडा या घाटमाथ्याच्या पट्ट्यात आदल्या एक-दोन दिवसांत पडले होते, ओढ्यांतून नद्यांत आणि नद्यांतून पंचगंगेत येऊन मग महामार्गावर पसरले होते. अशा वेळी 'आज कोल्हापुरात पाऊस आहे का', हा प्रश्नच चुकीचा ठरतो. काल गगनबावड्यात किती पडला आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, हे विचारावे लागते. कोल्हापूरकर पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच विचारतात. बाहेरगावच्या स्वाराला तो बंधारा कुठे आहे हेही ठाऊक नसते.

महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, तो प्रसंग महाराष्ट्र विसरलेला नाही. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि अन्य काही वाहने काळोखात नाहीशी झाली. त्या रात्री पावसाचा अंदाज नव्हता असे नाही. परंतु समोरचा पूल आता उरलेला नाही, हे सांगणारी कोणतीही यंत्रणा रस्त्यावर नव्हती. बसचालकाला चार मोठे दिवे असतात. मोटारसायकलस्वाराला एक असतो, आणि हेल्मेटच्या काचेवरील थेंबांतून तो एकही धड उपयोगी पडत नाही. कोकणातील रस्त्यांवर रात्री मुसळधार पावसात दुचाकी चालवू नये, या सल्ल्याचे कारण केवळ निसरड्या रस्त्याचे नाही. साकव आणि मोऱ्यांवरून वाहणारे पाणी किती खोल आहे आणि त्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे रात्री कळतच नाही.

अमेरिकेच्या हवामान सेवेने दिलेला आकडा यासंदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. सहा इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटीमीटर, वेगाने वाहणारे पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते. एक फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. दुचाकीची दोन अरुंद चाके आणि त्यावर तोल सांभाळणारा माणूस या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. पाणी घोट्याएवढे दिसले, तरी वाहते असेल तर उतरून थांबणे हाच उपाय आहे. एसटी गेली म्हणून आपणही जावे, हा तर्क दरवर्षी ऐकू येतो. एसटीचे वजन काही टनांत असते.

दुचाकीवर काय घडते

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ७४ हजार ८९७, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते. याच अहवालांचा आधार घेऊन एक युक्तिवाद नेहमी केला जातो, तो असा, की सुमारे तीन-चतुर्थांश अपघात स्वच्छ हवामानात होतात. मग पावसाची भीती कशाला? हा युक्तिवाद फसवा आहे. वर्षातील बहुतेक दिवस स्वच्छच असतात आणि पाऊस कोसळत असताना रस्त्यावर वाहनेही कमी असतात. मुसळधार पावसात घाटातून गेलेल्या एकूण दुचाकी किती, हे कुणी मोजत नाही. तो आकडा हाती नसताना स्वच्छ दिवसांच्या अपघातांवरून पावसाळी प्रवास सुरक्षित ठरवता येत नाही.

पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल वर येते, पांढरे पट्टे आणि पुलांचे लोखंडी सांधे काचेसारखे होतात, हे बहुतेक स्वारांना अनुभवाने माहीत असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका दिसणे आणि हात ब्रेकवर जाणे यात सेकंदभर गेला, तर गाडी थांबायला सुरुवात होण्यापूर्वीच एवढे अंतर गेलेले असते. १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे चाक एकदम अडकून घसरण्याचे प्रकार टळू शकतात. ओल्या रस्त्याची पकड मात्र एबीएस वाढवू शकत नाही.

ज्याची चर्चा फारशी होत नाही, तो धोका थंडीचा आहे. 'महाराष्ट्रात कसली थंडी', असे म्हणून तो उडवून लावला जातो. हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उघड्या त्वचेला ते उणे दोन अंशांसारखे जाणवते. कॅनडा आणि अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सूत्राने हा हिशेब निघतो. त्यात कपडे भिजलेले असतील, तर उष्णता त्याहून झपाट्याने जाते. घाटमाथ्यावर जुलैत पारा एवढा उतरत नाही, पण पाच-सहा तास भिजून वाऱ्यात बसलेल्या माणसाची बोटे बधिर होण्यास पंधरा-सोळा अंशही पुरतात. बधिर बोटांनी क्लच सुटत नाही आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. त्याहून वाईट म्हणजे विचार मंदावतो. अंगात हुडहुडी भरलेला माणूस 'आता थांबावे' हा साधा निर्णयही घेऊ शकत नाही. 'आता थोडेच राहिले' एवढेच त्याला सुचते. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुन्या बुलेटवाल्यांची युक्ती वाऱ्यापासून खरोखर संरक्षण देते. वर्तमानपत्राचा हा उपयोग मान्य करण्यास कुणाची हरकत नसावी.

उन्हाळ्यात गणित नेमके उलटते. हवा त्वचेपेक्षा अधिक तापलेली असली, की वारा शरीर थंड करण्याऐवजी तापवू लागतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला ४४-४५ अंशांत जाळीदार जॅकेट घालून सुसाट जाणाऱ्याला गारवा वाटतो, तो घाम झपाट्याने सुकत असल्यामुळे. तेवढे पाणी पोटात गेले नाही, तर चक्कर येते, आणि दुचाकीवर चक्कर येण्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. त्या भागातील ट्रकचालक दुपारी झाडाखाली गाड्या लावून झोपतात. ते आळशी नाहीत.

विजेचे प्रकरण अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २ हजार ८८७ जणांचा मृत्यू झाला. नैसर्गिक आपत्तींत गेलेल्या एकूण बळींमध्ये हा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक आहे. यात बहुसंख्य शेतात काम करणारे असतात. पण एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधील वळवाच्या पावसात उघड्या माळावरून जाणारा मोटारसायकलस्वारही त्याच स्थितीत असतो, कारण दूरवर त्याच्याएवढे उंच काहीच नसते. रबरी टायरमुळे वीज लागत नाही, हा समज सार्वत्रिक आणि चुकीचा आहे. मोटारीत माणूस सुरक्षित असतो, तो टायरमुळे नव्हे, तर चारही बाजूंच्या धातूच्या कवचामुळे. दुचाकीला कवच नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्के घर, बंद मोटार किंवा एसटी गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहावे, असे तज्ज्ञ सांगतात. प्रत्यक्षात स्वार थांबतात ते झाडाखाली किंवा चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या टपरीत. ही दोन्ही ठिकाणे टाळावयाची आहेत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप वापरकर्ता उभा असेल त्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची माहिती देते. जिल्ह्याबरोबर नव्हे, तर माणसाबरोबर सरकणारा असा इशारा आपल्याकडे विरळा आहे. शेतकऱ्यासाठी केलेली ही सोय प्रवाशाच्या अधिक उपयोगाची ठरू शकते, हे संस्थेच्याही मनात कदाचित नसेल.

वाट लेहची, संकट मंडीचे

सह्याद्रीत सराव झाला, की स्वप्न असते लेहचे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर येथून दरवर्षी असंख्य तरुण मोटारसायकली रेल्वेने चंदीगडपर्यंत पाठवून किंवा थेट रस्त्याने लडाखकडे जातात. मनाली ते लेह हे सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक अंतर बारालाचा ला, लाचुलुंग ला, तांगलांग ला या खिंडींतून कापावे लागते. तांगलांग ला ५,३०० मीटरहून उंच आहे. दर हजार मीटरला साडेसहा अंश या सर्वसाधारण हिशेबाने मनालीपेक्षा तिथे वीसेक अंशांनी कमी तापमान असते. विरळ हवेचा त्रास, ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर, थर्मल कपडे याची तयारी मंडळी महिनोन्महिने करतात.

त्या तयारीत एक गोष्ट सुटते. लेहचा रस्ता खुला असण्याचा मोसम जून ते सप्टेंबर आहे आणि हिमाचलचा पावसाळाही नेमका तोच. लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे; पण तिथे पोहोचण्यापूर्वी मंडी आणि कुल्लू ओलांडावे लागते. जुलै २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात बियास नदीने मंडी-कुल्लू-मनाली भागात महामार्गाचे लचके तोडले. त्याच वेळी स्पितीतील चंद्रताल येथे अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फात अडकले आणि काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बियासने पुन्हा तोच रस्ता अनेक ठिकाणी गिळला. म्हणजे थंडीचे सर्व सामान पाठीवर बांधून निघालेल्यांना संकट गाठते ते वाळवंटात नव्हे, तर त्याच्या चार-पाचशे किलोमीटर अलीकडे, चिखलात.

लडाखमध्येही पाऊस नाही असे समजणे धोक्याचे आहे. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक जणांचा बळी गेला. त्या घटनेतील एक तपशील हवामानशास्त्रज्ञांना आजही अस्वस्थ करतो. लेहच्या पर्जन्यमापकात त्या दिवशी नोंदला गेलेला पाऊस अवघा १२.८ मिलिमीटर होता. ज्या पट्ट्यात पाणी कोसळले, तिथे मोजणारे काही नव्हते. हिमालयात दोन मापकांमधील अंतर एवढे आहे, की असे संकट त्यातून निसटू शकते.

याउलट एक धोका असा आहे, की त्याला पाऊस लागतच नाही. या मार्गावरील बर्फाचे नाले पहाटे घोटाभर असतात आणि ऊन चढले की दुपारी गुडघाभर होतात. आकाश निरभ्र असते, अंदाज उत्तम असतो आणि नाला दुथडी वाहत असतो. ट्रकचालक आणि लष्कराचे ताफे सकाळीच हे नाले ओलांडतात. रात्री तंबूत गप्पा रंगवून दहाला उठणाऱ्या मंडळींच्या वाट्याला दुपारचे पाणी येते. त्यातच बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही आणि मार्गाचा बराचसा पट्टा संपर्काबाहेर असतो. मोबाइलवरील सारे इशारे तिथे निरुपयोगी ठरतात. समोरून येणाऱ्या चालकाला 'पुढे कसे आहे' असे विचारणे हाच खात्रीचा अंदाज.

ठरलेली तारीख

इशारा मिळाला, समजला आणि पटला, तरी स्वार थांबत का नाहीत, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बहुधा सुटीच्या अर्जात सापडते. माहिती-तंत्रज्ञान कंपनीतील तरुणाला सलग दहा दिवसांची रजा वर्षातून एकदा मिळते. परतीचे तिकीट काढलेले असते, हॉटेलांना आगाऊ रक्कम दिलेली असते, गाडी रेल्वेत चढवण्याची तारीख ठरलेली असते. कार्यक्रमपत्रिकेत मोकळा दिवस नसतो, कारण मोकळा दिवस म्हणजे 'एक पॉइंट कमी'. मग मंडीत दरड कोसळून एक दिवस गेला, की तो भरून काढण्यासाठी पुढचे दोन टप्पे एका दिवसात होतात आणि सर्वांत उंच खिंड सर्वांत थकलेल्या अवस्थेत, दुपार टळल्यावर गाठली जाते. शनिवार-रविवारच्या छोट्या सहलींतही हेच सूत्र असते. रविवारी रात्री परत यायचेच, म्हणून परतीचा घाट अंधारात उतरला जातो.

गटाची म्हणून एक वेगळी सक्ती असते. दहा गाड्यांच्या ताफ्यात पुढचा पुढे जात राहतो, मागचा मागे पडू नये म्हणून वेग वाढवतो, आणि ज्याला सर्वप्रथम भीती वाटते तो सर्वांत शेवटी बोलतो. काही जाणत्या गटांनी यावर साधा नियम केला आहे. कुणाही एकाने थांबू म्हटले, की सर्वांनी थांबायचे. कारण विचारायचे नाही. घाटाच्या पायथ्याचे गाव, मोठ्या नदीअलीकडचा पेट्रोल पंप, खिंडीखालची शेवटची वस्ती अशी थांबण्याची ठिकाणे ते घरूनच ठरवून निघतात. दुपारी तीननंतर यापुढे जायचे नाही, असे प्रत्येक ठिकाणाचे ठरवून ठेवतात. पाऊस अंगावर आल्यानंतर विचार करण्यापेक्षा कोरड्या खोलीत आदल्या रात्री केलेला विचार भरवशाचा, एवढाच यामागचा हेतू. नेमक्या याच ठिकाणी पुढच्या जिल्ह्याचा तीन तासांचा अंदाज पाहिला, तर जिल्हावार इशाऱ्याचेही प्रवाशाला चालेल असे रूपांतर होते.

बंदीचा फलक कुठे?

प्रशासनाकडे पाहिले, तर त्याचा भर स्थळे बंद करण्यावर आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला, तेव्हा तो पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होताच. धबधबा आणि धरण यांच्यावर बंदी घालता येते, निदान कागदावर. ज्या रस्त्याने माणूस तिथवर येतो आणि पुढे जातो, त्या रस्त्याविषयी मात्र त्याला कुणी काही सांगत नाही. वरंध घाट किंवा आंबेनळी घाट बंद केल्याचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो, वर्तमानपत्रात येतो आणि परजिल्ह्यातून आलेल्या स्वाराला तो घाटाच्या तोंडाशी असलेल्या दोन बॅरलवरून समजतो. तिथून चाळीस किलोमीटर मागे फिरण्याऐवजी बॅरलच्या मधल्या फटीतून दुचाकी सहज जाते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये मोबाइल टॉवरवरून थेट धोक्याचा संदेश पाठवण्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा अनेकांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते. या पद्धतीचा मोठा गुण असा, की संदेश टॉवरच्या टापूतील प्रत्येक फोनला जातो. तो फोन रहिवाशाचा आहे की वाटसरूचा, हे पाहिले जात नाही. मर्यादाही उघड आहे. पावसात स्वाराचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, सामानाच्या तळाशी असतो आणि कानांवर हेल्मेट असते.

अशा प्रवाशाला गाठण्याची जागा रस्त्यावरच शोधावी लागेल. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही. त्यामुळे तिचा मालक फास्टॅगच्या नोंदीत नसतो, टोलनाक्यावर थांबत नाही आणि कडेच्या अरुंद मार्गिकेतून निघून जातो. त्या मार्गिकेत तिचा वेग मात्र माणसाच्या चालण्याएवढा झालेला असतो. शंभर-दीडशे किलोमीटरच्या प्रवासात मोटारसायकलस्वार एखादा फलक शब्दन् शब्द वाचू शकेल, अशी ही बहुधा एकमेव जागा. पुढचा घाट सुरू आहे की बंद, नदीची पातळी किती, तीन तासांचा अंदाज काय, एवढ्या तीन ओळी तिथे खडूने लिहिल्या तरी चालतील. सध्या तिथे एवढेच लिहिलेले आढळते, की दुचाकींनी डावीकडून जावे.